करिंथकर, फिलिप्पैकर आणि आपण ठाणेकर

करिंथकर, फिलिप्पैकर, कलस्सैकर. मराठी बायबलमधली, ख्रिस्ताचा प्रेषित पौल याच्या पत्रांची ही नावं ठाणेकराच्या कानाला लगेच ओळखीची वाटतात. गावाचं नाव आणि पुढे ‘कर’. कोपरीतल्या आमच्या घरगुती बायबल अभ्यासात सध्या फिलिप्पैकरांस पत्र चालू आहे, त्यामागची ही थोडी हकिकत.

पौलाची पत्रं साधारण इ.स. ५० पासूनची. बहुतेक अभ्यासक ती चारही शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांच्या, आधीची मानतात. पौल सांगायचा, लेखनिक लिहून घ्यायचा. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम घालतो, ती ओळ मला फार आवडते. पत्र माणसाच्या हाती जायचं आणि मंडळीत, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत, मोठ्याने वाचलं जायचं. कलस्सैकरांना तर ‘वाचून झालं की लावदिकीयात वाचायला द्या’ असं सांगितलेलं आहे. अध्याय पडले १३व्या शतकात, वचनांचे आकडे १५५१ मध्ये. एकेक वचन सुटं काढून पाठ करायची आपली सवय त्यानंतरचीच. पत्राचा सूर मात्र ते सलग वाचल्यावरच कळतो.

म्हणून आम्ही फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचलं. चारच अध्याय. पौल कैदेत आहे, फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, हा एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारातून परतला. चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हा अशी विनवणी येते. तिथे ओळीवर बोट ठेवून एक आजी थांबल्या. ‘म्हणजे सगळ्यांसमोर नावं घेतली?’ घेतली. ‘तुमची प्रीती ज्ञानाने वाढत जावी’ ही पहिल्या अध्यायातली प्रार्थना या भांडणासकट सगळ्या मंडळीसाठी आहे. आत्मिक वाढ म्हणजे एकट्याने दार लावून करायची गोष्ट, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

मराठीत नवा करार, म्हणजे ही पत्रं असलेला बायबलचा दुसरा भाग, बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये आला, अमेरिकन मिशनचा मुंबईत १८२६ मध्ये. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं साध्या मराठीतलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये निघालं.

पण पत्रांचा आणि ठाण्याचा संबंध त्याहून जुना आहे. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्दानुस हा डॉमिनिकन साधू मागे उरला. त्याने इराणमधल्या आपल्या बांधवांना पत्रं लिहून घडलेलं कळवलं, सोबतीला माणसं मागितली. त्यातलं एक पत्र ठाण्याहून गेलं.