ते हिरवे गोळे खडे नसतात

रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायचा, सकाळी शौचातून हिरवे गोळे पडतात, पित्ताशयातले खडे गेले! ही कृती व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. असे गोळे प्रयोगशाळेत तपासल्याचा अहवाल २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. ४० अंशांवर दहा मिनिटांत त्यांचं तेलकट पाणी झालं. पित्ताशयातले खडे ज्यांचे बनतात ते कोलेस्टेरॉल त्यात नव्हतं, बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटून बनणारं पिवळं रंगद्रव्य) नव्हतं. ७५ टक्के मेदाम्लं होती. प्यायलेल्या तेलाचा पोटात साबण झाला होता, बस्स.

गंमत म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारं पित्तही साबणासारखंच काम करतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातल्या पित्तक्षार आणि लेसिथिन या पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं मेदाकडे. हे रेणू कोलेस्टेरॉलभोवती कोंडाळं करतात, ताटाचा तूपकटपणा साबणाच्या पाण्यात निघतो तसं. यकृताने पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडलं तर कोंडाळी अपुरी पडतात आणि उरलेल्याचे स्फटिक होतात. पित्ताशय जोरात आवळलं गेलं तर ही वाळू आतड्यात वाहून जाते. पित्त साचून राहिलं तर ती अस्तरातल्या म्यूसिन नावाच्या चिकट द्रवात रुतते आणि थरावर थर चढतात. गरोदरपणात दोन्ही घडतं: इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावतं. झटपट वजन उतरवणाऱ्यांचंही तेच. सिकलसेल या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी फुटत राहतात, म्हणून बिलिरुबिनचे काळे खडे होतात, लहान मुलांतसुद्धा.

आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते बहुधा जठरातलं आम्ल. त्याचा खड्यांशी संबंध नाही. मुतखड्यावरचं कुळथाचं कढणही इथे निरुपयोगी, कारण पित्ताची वाट लघवीची नव्हे.

बहुतेकांचे खडे आयुष्यभर गप्प असतात. त्रास नसेल तर सहसा ऑपरेशन लागत नाही. पण स्निग्ध अन्न पोटात गेलं की आतड्यातून सीसीके हे संप्रेरक सुटतं, पित्ताशय आवळतं आणि खडा तोंडाशी अडकला तर उजव्या बरगडीखालून पाठीकडे, खांद्यापर्यंत कळ जाते. आता विचार करा, पेलाभर तेल नेमकं काय करेल? कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, ताप आला, डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. नुसते खडे काढून भागत नाही. पित्ताशय तेच, पित्त तेच, खडे पुन्हा धरतात. म्हणून पिशवीच काढतात. मग पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं.

सोनोग्राफीला किमान सहा तास उपाशी बोलावतात तेही स्निग्ध अन्नाने पित्ताशय आवळतं म्हणूनच. दुधाचा चहा घेऊन गेलात तर पित्ताशय आकसलेलं सापडतं आणि बारीक खडा नजरेतून सुटतो.