टॉनिक मारलं, सोयाबीन आलं, पण टॉनिकमुळंच आलं का?

मराठवाड्यात ऑगस्टमधे कुठल्याही पारावर बसा, कोणीतरी सांगणारच की अमुक टॉनिक, म्हणजे पीक जोमात यावं म्हणून पानावर फवारायचं औषध, मारलं अन सोयाबीन आठ दिवसात हिरवंगार झालं. माणूस खोटं बोलत नसतो, त्यानं डोळ्यानं बघितलेलं असतं. पण त्याच आठ दिवसात खंड मोडून पाऊस पण पडलेला असतो, अन शेजाऱ्याचं बिगर टॉनिकचं सोयाबीन तेवढंच हिरवं झालंय का हे बघायला कोणी बांध ओलांडून जात नाही. नववीच्या लेकरांना प्रयोग शिकवायचा तर मी इथूनच सुरू करतो, कारण हा त्यांच्या घरातल्या पैशाचा प्रश्न आहे.

तुलनेसाठी बिगर टॉनिकचा भाग ठेवायचा, त्यालाच कंट्रोल म्हणतात. लेकरं लगेच म्हणतात, सोप्पंय सर, अर्ध्या रानात मारू, अर्धं तसंच सोडू. पण नुसतं सोडून जमत नाही, तिथं पण पंप पाठीवर घेऊन त्याच दिवशी तेवढंच साधं पाणी फवारायचं, नाहीतर फरक टॉनिकचा की ऐन खंडात पानावर पडलेल्या पाण्याचा, ते कसं कळणार?

अन अर्धं रान म्हणजे कोणतं अर्धं? नाल्याकडचं काळं, भारी, ओल धरणारं, वरचं मुरमाड, अन बांधावरच्या लिंबाच्या सावलीत तर पीक खुरटलेलंच. पोरांना निवडायला सांगितलं की हात आपसूक पिकाच्या चांगल्या ओळींकडं जातो, त्यात लबाडी नसते, टॉनिकवर अन्याय होऊ नये असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणून निवड माणसाकडं ठेवायचीच नाही. सारख्या मापाचे 8 प्लॉट आखायचे, 4 चिठ्ठ्यांवर टॉनिक, 4 वर पाणी, डब्यात हलवायच्या अन प्लॉटच्या नंबरानं एकेक काढायची. मग हमखास कोणीतरी विचारतं, सर, टॉनिकचे तीन प्लॉट शेजारीशेजारी आले, एक बदलू का? नाही बदलायचं. रानाला उतार आहे हे माहीत असेल तर त्याची सोय चिठ्ठ्या काढायच्या आधी करायची, म्हणजे खालच्या 4 प्लॉटमधे दोन टॉनिक दोन पाणी, वरच्या 4 मधे पण तसंच, याला ब्लॉक म्हणतात.

हे सगळं पद्धतशीर बसवलं रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं. तो 1919 मधे इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात गेला, तिथल्या प्लॉटवरच ही पद्धत घडली. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती मोजणीची. ब्लॉक न करता 8 पैकी 4 प्लॉट निवडायच्या 70 रीती होतात, म्हणजे टॉनिकनं काहीच होत नसेल तरी सगळ्यात जास्त पिकलेले चारही प्लॉट नेमके टॉनिकचेच निघायची शक्यता 70 मधे 1. ब्लॉक केले तर रीती 36 होतात. पण हा हिशोब चिठ्ठी टाकली असेल तरच खरा, आपण हातानं प्लॉट निवडले की 70 चा आकडा निरर्थक होतो.

औषधांना पण हाच नियम. ब्रिटनमधे टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, 1948 मधे छापून आली, औषध तेव्हा सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतंच. 107 पेशंट, 55 जणांना औषध अन बेडरेस्ट, 52 जणांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं नुसती बेडरेस्ट. कोण कुठल्या गटात हे बंद पाकिटातून निघायचं, कारण डॉक्टरला पण समोरच्या माणसाची दया येते, किंवा हा वाचणारच असं वाटतं, अन तिथंच निवड वाकडी होते. सहा महिन्यात औषधाच्या गटातले 4 गेले, दुसऱ्या गटातले 14.

त्या चाचणीत एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञांना पण पेशंट कुठल्या गटातला ते सांगितलेलं नव्हतं. सोयाबीनची मळणी झाल्यावर आपण पण तेच करायचं, पोत्यांवर नुसता प्लॉटचा नंबर, काट्यावर असं पोरगं उभं करायचं जे चिठ्ठ्या काढताना तिथं नव्हतं, अन चिठ्ठ्यांची यादी सगळी वजनं वहीत उतरल्यावरच उघडायची.