पार्श्वभूमी : घशातला पू आणि कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी

साध्या घसादुखीला सोनोग्राफी लागत नाही. अडतं ते टॉन्सिलशेजारी पू धरलाय की नुसती सूज आहे, हे ठरवताना. दोन्हींत तोंड उघडत नाही, आवाज घोगरा होतो, पडजीभ सरकू शकते. पूर्वी सुई घालूनच पाहत. पू आला नाही, तर जागा चुकली की पू नव्हताच, हे कळत नसे. शिवाय टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला साधारण अडीच सेंटिमीटरवर कॅरोटिड रोहिणी, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी रक्तवाहिनी असते.

तोंडातून प्रोब (सोनोग्राफी मशीनचा शरीराला लावायचा भाग) घालून पाहणं १९९०च्या दशकात सुरू झालं. २०१२च्या एका छोट्या चाचणीत (२८ रुग्ण) सोनोग्राफीचं निदान सगळ्यांत बरोबर आलं, नुसत्या तपासणीचं ६४ टक्क्यांत. पद्धत सोपी आहे : घसा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा फवारा, प्रोबवर आतून जेल लावलेलं आवरण, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरने रोहिणी शोधणं. कधी पू आजूबाजूच्या मांसासारखाच करडा दिसतो आणि फसवतो. प्रोबने हलकं दाबलं की आत हलताना दिसतो. १८ गेजच्या सुईचं झाकण टोकाला कापून सुई १ सेंटिमीटरच बाहेर ठेवतात, म्हणजे ती रोहिणीपर्यंत पोचत नाही. जबडा आवळलेला असेल तर लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब बाहेरून जबड्याच्या कोनाखालून लावावा. चित्र थोडं धूसर मिळतं.

आपल्याकडे खरी गाठ कायद्याची. तोंडात घालायचा प्रोब म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांचा टीव्हीएस, योनीमार्गातून तपासणीचा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४चा. त्याची गरज होती, यात वाद नाही. पण बंधन सोनोग्राफी मशीनवर पडलं, तपासणीच्या अवयवावर नाही. गळा पाहणाऱ्या मशीनचीही नोंदणी हवी. २०१२च्या दुरुस्तीने पोर्टेबल मशीन नोंदणीकृत आवारात, तेही दाखल रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकापुरतं ठेवलं. २०१४मध्ये एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करण्यासाठी सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण आलं. एका उच्च न्यायालयाने २०१६मध्ये ते नियम फेटाळले, २०१८मध्ये त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. मधल्या काळात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने काय करावं, हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही. भीतीपोटी मशीन कुलपात राहणं, हा या कायद्याचा न मोजलेला खर्च.

कोकणात तो खर्च मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या अंतरात मोजावा लागतो : सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळी, लांज्याहून रत्नागिरी किंवा आंबा घाटातून कोल्हापूर. लाळ गिळता न येणाऱ्या रुग्णाला त्या प्रवासात आडवं झोपवू नये. बसवूनच न्यावं, ऑक्सिजन आणि सक्शन (लाळ-पू ओढून घेणारं यंत्र) सोबत ठेवून.