एपीचा निकाल झाकता येतो, ड्युअल एन्रोलमेंटचा नाही

अमेरिकेत बदली झालेल्या नाशिककर आईबापांचा प्रश्न ठरलेला. मुलगी अकरावीत जाणार, शाळा म्हणते एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) घ्या किंवा ड्युअल एन्रोलमेंट घ्या, दोन्ही एकच ना? गंगापूर रोडवरचा एखादा काका लगेच सांगतो, "एकच हो! शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे डिग्रीचे काही विषय आधीच जमा. पैसे वाचतात." हे ऐकून ऐकून कान किटले.

एपी बहुतेकांना माहीत असतं. कॉलेज बोर्ड या तिथल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम, वर्ग शाळेतच, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ मधला स्कोअर. ३ किंवा त्याहून जास्त आला तर कॉलेज क्रेडिट देऊ शकतं. द्यायचं की नाही, ही त्या कॉलेजची मर्जी. आपल्याकडची बोर्डाची परीक्षा दिलेल्याला यात नवीन काही नाही. फक्त कृपा करून याला "तिथली जेईई" म्हणू नका. एपीच्या स्कोअरवर मेरिट लिस्ट लागत नाही.

ड्युअल एन्रोलमेंटमध्ये मूल शाळेतच राहतं, पण एखाद्या विषयापुरता कॉलेजात, बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात), रीतसर प्रवेश घेतं. वर्ग कॉलेजात भरतो, शाळेत भरतो की ऑनलाइन, याने काही बिघडत नाही. लोक मात्र नेमका त्यावरच तासभर काथ्याकूट करतात. फीचा नियम राज्यागणिक वेगळा. वॉशिंग्टन राज्याच्या रनिंग स्टार्ट या ड्युअल एन्रोलमेंट योजनेत कॉलेजची शिकवण्याची फी माफ असते, सगळीकडे तसं नाही. शाळेच्या काउन्सेलरला एक ईमेल टाकला की उलगडा होतो.

गोची आहे ती रेकॉर्डची.

एपीची परीक्षा बिघडली, २ आला, तर तो स्कोअर कॉलेजला कळवायचा की नाही हे सहसा मुलाच्या हातात असतं. वर्गातली ग्रेड शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर (सगळ्या विषयांच्या अधिकृत गुणपत्रकावर) येते, ती येतेच. पण परीक्षेचा स्कोअर पाठवला नाही तर विषय तिथेच संपला. हवं तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा बसता येतं. ड्युअल एन्रोलमेंटची ग्रेड मात्र थेट कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर जाते. सोळाव्या वर्षी मिळालेला सी बावीसाव्या वर्षीही तिथेच असतो. मेडिकलला जाणाऱ्यांच्या एएमसीएएस या सामाईक प्रवेश अर्जात शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे विषयसुद्धा दाखवावे लागतात आणि त्यांच्या ग्रेड हिशेबात धरल्या जातात. "डॉक्टर व्हायचंय म्हणून आत्तापासून कॉलेजची बायोलॉजी" असं हौसेने ठरवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आपली मुलं इथे हमखास अडकतात, कारण आपल्या डोक्यात क्लासचं गणित असतं. क्लास झेपला नाही, जायचं बंद केलं, फार तर फी बुडाली. एटीकेटीचंही तेच: राहिला विषय तर पुढच्या वेळी काढू. अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं बंद केलं आणि नाव रीतसर काढलं नाही, तर एफ (नापास) पडू शकतो. सुरुवातीच्या मुदतीत नाव काढलं तर साधारणपणे खूण राहत नाही. मुदत उलटल्यावर काढलं तर ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, येतो. पुन्हा तोच विषय घेऊन चांगली ग्रेड आणली, तरी जुनी नोंद बहुधा दिसत राहते. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या कॅलेंडरवरची ड्रॉपची (नाव काढण्याची) तारीख घरातल्या भिंतीवर लावा. मुलाच्या मोबाइलवर नको, भिंतीवरच.

आईबापांना झोंबणारी आणखी एक गोष्ट. फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात शिकायला लागलं की तिथल्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा, वय कितीही असो. प्राध्यापकांना फोन करून "आमचा बाळ्या कसा करतोय" विचारलं, तर ते बहुधा नम्रपणे शाळेकडे बोट दाखवतील.

क्रेडिट चालतात कुठे? त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ड्युअल एन्रोलमेंटचे क्रेडिट बऱ्यापैकी चालतात. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांपैकी अनेक ते मानत नाहीत, विशेषतः तोच विषय शाळा पूर्ण करण्यासाठीही मोजला असेल तर. त्यामुळे "भाच्याने शाळेतच अर्धी डिग्री उरकली" ही बढाई, भाचा कुठल्या कॉलेजात जाणार ते कळेपर्यंत, मी अर्धीच धरते.

नुकतंच नाशिकहून गेलेलं मूल असेल तर पहिल्या सेमिस्टरला ड्युअल एन्रोलमेंट नकोच, हे माझं ठाम मत. गणित आपल्या मुलांना येतं, ते एपीतून करा. उच्चार कानाला बसले, असाइनमेंटची शिस्त अंगवळणी पडली, की मग ए मिळेल अशी खात्री असलेला एकच विषय कॉलेजात घ्या.

इथेच राहून अकरावी-बारावी करणाऱ्यांसाठी एपी शक्य आहे. वर्ग न करता नुसती परीक्षा देता येते आणि मुंबई-पुण्यात सेंटरं आहेत. ड्युअल एन्रोलमेंटला मात्र तिथल्या शाळेचा आधार लागतो. कॉलेज रोडवर कुणी "इंटरनॅशनल ड्युअल एन्रोलमेंट" विकत असेल, तर अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट कुठल्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून निघणार ते लेखी मागा, आणि चेक त्यानंतरच फाडा.