कबुतराच्या पायाला बांधलेलं इंटरनेट

इंटरनेट रखडलं की कुणीतरी म्हणतंच, "याच्यापेक्षा कबूतर लवकर पोचेल." हा विनोद जगभर चालतो, आणि नेटवर्किंग जाणणारे लोक त्याला लगेच एक आकडा जोडतात: ११४९. डेव्हिड वेट्झमन यांनी १ एप्रिल १९९० रोजी प्रसिद्ध केलेल्या 'आरएफसी ११४९' या दस्तऐवजात इंटरनेटची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, कबुतरांकरवी कशी पाठवायची, याचं रीतसर मानक दिलेलं आहे.

आरएफसी ही इंटरनेटच्या नियमांची दस्तऐवजमाला. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिला. तुमचा फोन आत्ता ज्या नियमांनी जगाशी बोलतोय, ते याच मालिकेत लिहिलेले आहेत. १९७८ साली या मालिकेत १ एप्रिलची पहिली थट्टा आली आणि पुढे तिची परंपराच झाली. यातले बरेचसे दस्तऐवज वाचून विसरले गेले. ११४९ मात्र टिकला, कारण त्यात थट्टा आहे पण तांत्रिक चूक नाही.

त्यातली पद्धत अशी. पॅकेटमधला मजकूर षोडशमान अंकांत, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत, कागदाच्या छोट्या गुंडाळीवर छापायचा. ती गुंडाळी कबुतराच्या एका पायाभोवती गुंडाळून कडा चिकटपट्टीनं पक्क्या करायच्या. पोचल्यावर पट्टी काढायची, कागद स्कॅन करायचा आणि अंक पुन्हा संगणकात घ्यायचे. एका खेपेत जास्तीत जास्त किती माल जाईल, ही मर्यादा एरवी बाइटमध्ये सांगतात. इथे ती मिलिग्रॅममध्ये आहे: साधारण २५६. वाहकाचं वय वाढेल तशी ही मर्यादाही सहसा वाढते, अशी नोंद आहे. एकाच हवेत अनेक कबुतरं एकमेकांना अडथळा न आणता उडू शकतात, फक्त वसंताच्या सुरुवातीला नाही, हेही नमूद केलेलं आहे.

हे सगळं नियमात का बसतं, ते समजून घेण्यासारखं आहे. इंटरनेट थराथरांनी बांधलेलं आहे. त्यातला आयपी हा थर आपल्या खालच्या थराकडून फार थोडं मागतो: पॅकेट उचल आणि जमेल तसं पुढे पोचव. ते हरवलं तरी चालेल, उशिरा पोचलं तरी चालेल, मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं तरी चालेल. खाली तांब्याची तार आहे, काचेचा तंतू आहे की रेडिओलहरी, याची चौकशी आयपी करत नाही. मग कबुतराला नाही म्हणायला जागाच उरत नाही. हा मोकळेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. मूळ आयपी मानक १९८१ चं. त्यानंतर आलेलं वायफाय आणि मोबाइल डेटा त्याच नियमांवर चालले, ते या मोकळेपणामुळेच.

नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या, लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या हौशी मंडळींच्या गटानं २८ एप्रिल २००१ रोजी हे मानक खरोखर राबवलं. अंतर सुमारे पाच किलोमीटर. 'पिंग' या आज्ञेनं नऊ पॅकेटं पाठवायची होती. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. एरवी ही हाक दर सेकंदाला जाते. इथे दोन हाकांमध्ये ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, ठेवली होती. पिंगचं नेहमीचं पॅकेट आयपीच्या मथळ्यासकट ८४ बाइटचं असतं. कागदावर ते १६८ अंक होतात, म्हणजे एका चिठ्ठीत आरामात बसतात.

नऊपैकी चार उत्तरं आली. ५५ टक्के पॅकेटं हरवली. सर्वांत जलद उत्तराला ३,२१२ सेकंद लागले, म्हणजे साडेत्रेपन्न मिनिटं. सर्वांत संथ उत्तराला ६,३८९ सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. पॅकेटांचे क्रमांक शून्यापासून मोजतात. उत्तरं आली ती ०, ४, २, १ या क्रमानं. आयपीच्या दृष्टीनं यात काहीच बिघडलेलं नाही.

या आकड्यांत एक गोष्ट लगेच खटकायला हवी. शर्यतीचं कबूतर ताशी ६० किलोमीटर वेगानं सहज उडतं. सरळ वाट धरली तर पाच किलोमीटरला पाच मिनिटं, जाऊन येऊन दहा. मग त्रेपन्न मिनिटं कशी? छापणं, पायाला बांधणं, सोडणं, खुराड्यात उतरलेलं कबूतर पकडणं, चिठ्ठी सोडवणं, स्कॅन करणं, आणि हेच सगळं परतीच्या वाटेवर पुन्हा. वाटेतल्या वेगापेक्षा दोन्ही टोकांना होणारी हाताळणी महाग पडते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसरी अडचण कबुतराच्या स्वभावातली. ते फक्त घरी परततं. त्यामुळे जायला एका गावची कबुतरं लागतात, यायला दुसऱ्या गावची, आणि दोन्हींना आधी गाडीतून समोरच्या टोकाला नेऊन ठेवावं लागतं. यावरचा उपाय आपल्याच देशात वापरात होता. १९४६ पासून कबुतरसेवा चालवणाऱ्या ओडिशा पोलिसांकडे एकेरी टपालाबरोबर 'बूमरँग' नावाची पद्धतही होती: तेच कबूतर निरोप घेऊन जाई आणि उत्तर घेऊन परत येई. एका ठिकाणी दाणापाणी आणि दुसऱ्या ठिकाणी मुक्काम, अशी सवय लावली की कबूतर दोन ठिकाणांमध्ये ये-जा करतं.

बर्गेनच्या निकालावर तज्ज्ञ मंडळी जी टिप्पणी करतात ती मला फार आवडते. १९८१ च्या मानकानुसार प्रत्येक पॅकेटवर 'टीटीएल', म्हणजे आयुष्य, लिहिलेलं असतं आणि त्याचं एकक सेकंद आहे. त्या रकान्यात २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. नियम अक्षरशः लावला तर सव्वाचार मिनिटांत पोचलं नाही ते पॅकेट मेलं, आणि बर्गेनचं एकही कबूतर पात्र ठरत नाही. प्रत्यक्षात राउटर, म्हणजे वाटेत पॅकेट पुढे धाडणारी यंत्रं, सेकंद मोजत नाहीत, आपल्या हातून पॅकेट गेलं की आकडा एकानं कमी करतात. आयपीच्या पुढच्या आवृत्तीत, आयपीव्ही६ मध्ये, तर या रकान्याचं नावच टप्प्यांची मर्यादा असं केलं. २०११ मध्ये कबुतरांसाठी आयपीव्ही६ चंही मानक आलं, आरएफसी ६२१४.

पिंग चाललं, मग कबुतरांवरून वेबपान उघडेल का? नाही, आणि कारण नेमकं आहे. वेबपानासाठी आयपीच्या वर सहसा टीसीपी हा थर लागतो. टीसीपी आधी हस्तांदोलन करतो: एक हाक, एक उत्तर, एक पोच. आजच्या नियमानुसार पहिल्या हाकेला एका सेकंदात उत्तर आलं नाही तर तो पुन्हा हाक मारतो, मग दोन सेकंदांनी, चार, आठ, असं दुप्पट करत. लिनक्समध्ये बराच काळ सहा फेरहाका हा ठरलेला आकडा होता. सगळी थांबण्याची बेरीज १२७ सेकंद, आणि मग 'वेळ संपली' असा संदेश. म्हणजे पहिलं कबूतर समोरच्या टोकाला पोचण्याआधीच संगणकानं नाद सोडलेला असेल, आणि त्याच निरोपाच्या आणखी सहा प्रती हवेत असतील. मुदती वाढवून जोडणी जमवलीच, तरी टीसीपीची मूळ खिडकी ६५,५३५ बाइटची आहे. तेवढं पाठवलं की पोच येईपर्यंत थांबायचं. ३,२१२ सेकंदांच्या फेरीला हा वेग सेकंदाला सुमारे २० बाइट पडतो.

इथे दोन राशी वेगळ्या होतात, आणि बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे विलंब: पहिला बाइट पोचायला लागणारा वेळ. दुसरी बँडविड्थ: ठरावीक वेळात एकूण किती माल पोचला. विलंबात कबूतर कायम हरणार. बँडविड्थमध्ये ते जिंकू शकतं, कारण चिठ्ठीऐवजी मेमरी कार्ड बांधायला कुणाची हरकत नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ एका कंपनीनं हे करून दाखवलं. विन्स्टन नावाच्या कबुतराबरोबर ४ जीबी माहिती पाठवली. उड्डाणाला १ तास ८ मिनिटं लागली; माहिती संगणकात उतरवून घेईपर्यंत एकूण २ तास ६ मिनिटं ५७ सेकंद. तेवढ्या वेळात एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेट जोडणीवरून तीच माहिती ४ टक्के पोचली होती. गणित करा (एका बाइटचे आठ बिट): कबुतराचा सरासरी वेग सेकंदाला ४.२ मेगाबिट, तारेचा सुमारे १६८ किलोबिट. बातमीत हे तारेचं अपयश म्हणून गाजलं. पण एडीएसएलमधला 'ए' असमान वेगांचा आहे: माहिती घ्यायला वेग जास्त, पाठवायला कमी. एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे फाइल पाठवताना तो कमीवाला वेगच आडवा येतो. आणि कबुतराचा जवळजवळ निम्मा वेळ उडण्यात गेलाच नाही.

आजचं कार्ड घेतलं तर? मायक्रोएसडी कार्डाचं वजन पाव ग्रॅमच्या आसपास, क्षमता १ टीबी. ५० किलोमीटर अंतर, ताशी ६० चा वेग, म्हणजे ३,००० सेकंद. आठ लाख कोटी बिट भागिले ३,००० म्हणजे सेकंदाला २.६७ गिगाबिट! गप्पांमध्ये हाच आकडा फेकला जातो, आणि तो अर्धवट आहे. चांगल्या कार्डावर लिहिण्याचा टिकाऊ वेग सेकंदाला ९० एमबी धरला तर १ टीबी भरायला ३ तास ५ मिनिटं. १६० एमबीनं वाचायला आणखी पावणेदोन तास. सगळं मिळून साडेपाच तासांच्या वर, म्हणजे खरा वेग सेकंदाला ३९३ मेगाबिट. १०० मेगाबिटच्या जोडणीला यासाठी २२ तास लागतात, तिथे कबूतर जिंकतं. १ गिगाबिटच्या फायबरवर हेच काम सव्वादोन तासांत होतं, तिथे कबूतर शेजारच्या घरी पाठवलं तरी हरतं.

दहा कार्डं एकाच वेळी भरली तर वेग दहापट होतो, पण तेव्हा अडचण दुसरीकडे सरकते. दहा कार्डांना मिळून सेकंदाला ९०० एमबी पुरवावे लागतात. ५ गिगाबिटचा यूएसबी हब प्रत्यक्षात ४५० च्या आसपास थकतो, आणि माहिती फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असेल तर तिचा वेग सहसा २००-२५० च्या आसपासच अडतो. १० गिगाबिटचा हब आणि फिरता भाग नसलेली वेगवान 'एनव्हीएमई एसएसडी' डिस्क असेल तरच हे जमतं.

विनोदातलं हे गणित मोठे प्रकल्प रोज करतात. एप्रिल २०१७ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभर पसरलेल्या जाळ्यातल्या दुर्बिणींनी, ज्यांतून पुढे एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा साकारली, सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे ५,००० टीबी, माहिती नोंदवली. १ गिगाबिटच्या तारेवरून ती पाठवायला ४६३ दिवस लागले असते. त्यामुळे एकूण अर्धा टन वजनाच्या हार्ड डिस्क विमानानं अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतल्या बॉन इथे गेल्या. उंचावरच्या विरळ हवेत साध्या डिस्कचा काटा तबकडीवर नीट तरंगत नाही, म्हणून हेलियम भरून बंद केलेल्या डिस्क वापरल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागलं.

लग्नाचं चित्रीकरण किंवा कार्यालयाचा बॅकअप दुसऱ्या गावी पाठवताना हाच हिशोब करावा. समजा २ टीबी पुण्याहून नागपूरला जायचे आहेत. आधी जोडणीचा अपलोड वेग मोजा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा डाउनलोडचा. अपलोड ४० मेगाबिट असेल तर चार दिवस पंधरा तास. डिस्कवर सेकंदाला १२० एमबीनं उतरवायला साडेचार तास, तिकडे पुन्हा तेवढेच, आणि कुरियरचे दोन दिवस: साधारण ५७ तास. इथे कुरियर. अपलोड २०० मेगाबिट असेल तर २२ तासांत काम होतं, तिथे तारच बरी. डिस्क पाठवणार असाल तर आधी ती कूटबद्ध करा, प्रत्येक फाइलचा 'एसएचए-२५६' ठसा (फाइलच्या मजकुरातून काढलेला ओळख-आकडा; मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो) काढून वेगळ्या मार्गानं पाठवा, आणि तिकडे ठसे जुळल्याचा निरोप येईपर्यंत मूळ प्रत पुसू नका.