वळवाचा वारा ढगातून पडतो

वळीव आला की पुण्यात पहिली बातमी पावसाची नसते, झाडपडीची असते. कधीकधी तर रस्ता धड भिजलेलाही नसतो आणि गुलमोहर कुणाच्या तरी मोटारीवर आडवा झालेला असतो. 'चक्रीवादळच होतं हो!' असं दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ऐकू येतं. शेकडो किलोमीटर पसरणाऱ्या चक्रीवादळाशी या वाऱ्याचा संबंध नाही. तो येतो डोक्यावरच्या एकाच ढगातून, तोही वरून खाली.

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, घाट ओलांडून आलेली दमट हवा तिला मिळते आणि दुपारनंतर दहा-बारा किलोमीटर उंचीचा गडगडाटी ढग उभा राहतो. ढगाखालची हवा मात्र या दिवसांत कोरडी असते, आणि खरी गोम इथेच आहे. पडणाऱ्या थेंबांतले बरेचसे वाटेतच वाफ होतात, गाराही वितळतात. त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. ती हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते, मोरीत पडणाऱ्या नळाच्या धारेसारखी जमिनीवर आपटते आणि चहूकडे धावत सुटते. म्हणून आधी धुळीचा लोट येतो, पाऊस मागाहून.

हे कोडं सोडवलं जपानी-अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीत झाडं एका मध्यापासून बाहेरच्या दिशेने पडलेली त्यांनी पाहिली होती. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून पाहणी करताना तसाच नमुना त्यांना दिसला. भोवऱ्यासारख्या फिरत्या वाऱ्यात झाडं अशी पडत नाहीत, वरून आपटून चहूकडे पसरणाऱ्या वाऱ्यात पडतात.

हा तडाखा काही मिनिटांचा आणि बहुधा चार-पाच किलोमीटरच्या टापूतला. कोथरूडला फांद्या पडतात, हडपसरला पानही हलत नाही.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला चौरस मीटरमागे साधारण १२ किलो, १०० ला ४८. म्हणजे ४० बाय २० फुटी होर्डिंगवर साडेतीन टनांचा रेटा! १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या रावेत-किवळे भागात असंच होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला. आडोसा म्हणून होर्डिंगखाली थांबणं यापेक्षा भिजणं परवडलं.

झाडांचं गणित वेगळं, आणि ते बरंचसं आपणच बिघडवलंय. गुलमोहर मुळात मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. पुढच्या वेळी उन्मळलेल्या झाडाचा बुडखा जरा वाकून बघा. ताजी तुटलेली मुळं पांढरट, पिळवटलेली, धागे निघालेली असतात. रस्त्याच्या बाजूची काही मात्र सरळ कापलेली, टोकं काळी पडून कुजलेली. ही कधीतरी केबलसाठी झालेल्या खोदाईत गेलेली मुळं. त्या बाजूला झाडाला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. त्याला पाडायला ताशी शंभरचा वारा लागत नाही, पन्नासचाही पुरतो.