नवी अलॉय घेताय? आधी बघा, सेन्सर चाकात आहे की नाही

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सगळ्या गाड्यांत सारखाच दिसतो: टायरचा कापलेला आकार आणि मधोमध उद्गारचिन्ह. तो टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे टीपीएमएसचा. म्हणून 'माझ्या गाडीत टीपीएमएस आहे' एवढंच सांगून लोक अलॉयच्या, म्हणजे मिश्रधातूच्या चाकांच्या, दुकानात जातात आणि दुकानदारही 'होऊन जाईल साहेब' म्हणतो. पण त्या एका दिव्यामागे दोन निराळ्या यंत्रणा असतात. डायरेक्टमध्ये सेन्सर चाकाच्या आत असतो. इनडायरेक्टमध्ये चाकात काहीच नसतं. बाहेरची अलॉय टाकताना किती खर्च येणार आणि कुठे फसगत होणार, ते यावरच ठरतं.

इनडायरेक्टचं आधी उरकू, कारण तिचं काम सोपं आहे. ती एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर चालते आणि ते सेन्सर हबपाशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापाशी असतात, रिममध्ये नाही. हवा कमी झाली की टायर किंचित दबतो, त्याची त्रिज्या घटते आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे मारायला लागतं. हा फरक दिसला की दिवा लागतो. स्कोडा कुशाकमध्ये हीच पद्धत आहे. तिच्या 16 इंची रिमवर 205/60 आणि 17 इंचीवर 205/55 टायर येतो. हिशेब केला तर दोन्हींच्या बाहेरच्या व्यासात एक टक्काही फरक पडत नाही. म्हणून एका मापावरून दुसऱ्यावर जाताना चारही चाकं एकदम बदलली, सेन्सरसाठी एक रुपया दिला नाही, तरी यंत्रणा चालू राहते.

फक्त रिसेट करायचं असतं, आणि घोळ तिथेच होतो. रिसेट म्हणजे गाडीने हवा तपासली असं नव्हे. 'आत्ता जी हवा आहे तीच बरोबर' असं आपण तिला सांगतो आणि ती मुकाट्याने ऐकते. नवा टायर रिमवर चढवताना बीड, म्हणजे टायरची रिमला चिकटणारी कड, नीट बसावं म्हणून दुकानात हवा जास्त मारतात आणि पुष्कळदा तशीच ठेवतात. त्यावर रिसेट केलंत, की चार दिवसांनी पंपावर हवा योग्य आकड्यावर आणल्यावर तीच गाडी वेगळंच काही समजून बसणार. उलट चारही टायर 25 पीएसआयवर (हे हवेच्या दाबाचं माप) असताना रिसेट केलंत तर 25 हेच तिचं प्रमाण. म्हणून आधी टायर थंड असताना दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरायची, मगच बटण दाबायचं.

डायरेक्टचं प्रकरण लांबतं. ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या मॉडेल्ससारख्या गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा पडद्यावर येतो. आकडा दिसला म्हणजे चाकात सेन्सर आहे, कारण चाकाच्या फेऱ्यांवरून पीएसआय सांगता येत नाही. याच्या उलट मात्र खरं नाही. काही डायरेक्ट यंत्रणा आकडा न दाखवता नुसता दिवा लावतात. व्हॉल्व धातूचा दिसला तर सेन्सर असण्याची शक्यता मोठी, पण रबरी व्हॉल्वचेही सेन्सर असतात. खात्री हवी तर गाडीचं मॅन्युअल उघडा.

हा सेन्सर म्हणजे व्हॉल्वच्या आतल्या टोकाला लावलेली छोटी प्लास्टिकची डबी. आत बॅटरी सीलबंद असते आणि ती साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. संपली की अख्खा सेन्सर बदलायचा. गाडी पाच-सहा वर्षांची असेल तर जुने सेन्सर नव्या अलॉयमध्ये हलवण्याची काटकसर मला पटत नाही. टायर उतरलेलेच आहेत, मजुरी जातेच आहे, आणि एक बॅटरी वर्षभरात गेली की तोच टायर पुन्हा उतरवावा लागेल. गाडी नवी असेल तर मात्र खुशाल हलवा. फक्त व्हॉल्वचं रबर, वॉशर आणि पिन नवे घ्या. पिन निकेल चढवलेलीच मागा. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये साधी पितळी पिन घातली तर दोन धातू एकमेकांना खातात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं.

हलवताना मशीनपाशी उभं राहा, संकोच करू नका. बीड तोडणारं पातं व्हॉल्वच्या जवळ दाबलं की आतली डबी चिरडते आणि ते कळतं घरी गेल्यावर. नवं अलॉय घेण्याआधी त्यात सेन्सर एकदा हातानेच धरून बघावा. काही बाहेरच्या रिमचा आतला उतार असा असतो की डबी टेकते किंवा व्हॉल्व तिरका बसतो. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) जुळले म्हणून सेन्सरही जुळेल असं नसतं.

नवे सेन्सर घेताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे आणि युरोपात 433 मेगाहर्ट्झ चालते, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या 315 वर. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला 315 चा संच आपल्या गाडीला ऐकूच येणार नाही. शिवाय प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. तो काही गाड्या चालवता चालवता शिकतात, काहींना स्कॅनर लावून शिकवावा लागतो. जुना क्रमांक नव्या सेन्सरवर उतरवणारी यंत्रंही असतात. ती दुकानात आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

'सेन्सर नको, दिवाच तर लागतो' हा सल्लाही मिळतो. सेन्सर सापडला नाही की बहुतेक गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर होतो. हवा कमी असेल तर तो पहिल्यापासून स्थिर असतो. सेन्सरच काढून टाकले तर दिवा कायम पेटलेला राहणार, आणि खरंच हवा उतरली तर तो तुम्हाला वेगळं काय सांगणार? त्यातून गाडीला स्टेपनी नसेल तर हा सल्ला अजिबात ऐकू नका. ऑक्टोबर 2020 पासून आपल्याकडे स्टेपनीशिवाय गाडी देण्याची मुभा आहे, पण ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा किट आणि टीपीएमएस असेल तरच. त्यातलं एक काढलं तर पंक्चर कळणार कधी?

व्हॉल्ववर टोपीसारखे लावायचे बाहेरचे सेन्सर हा तिसरा मार्ग, तात्पुरता ठीक. रबरी व्हॉल्ववर त्यांचं वजन लटकतं, आणि ते चोरायला दोन सेकंद पुरतात.